बेडकाचा जादा पाय

ऑगस्ट 1995. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, हेंडरसन गावाजवळ, शाळेची मुलं तळ्याकाठी सहलीला गेली होती. बेडूक धरायचा खेळ रंगला आणि हाती आलेल्या 22 बेडकांपैकी 11 बेडूक अधू निघाले. बातमी देशभर गेली. कीटकनाशकं, ओझोनचा थर विरळ झाल्यामुळे येणारे अतिनील किरण, अशी संशयितांची यादी तयार झाली. लोक घाबरले, आणि त्यात वावगं काही नव्हतं. तळ्याच्या पाण्यात जे असेल ते विहिरीतही असणार.

उत्तराचा मोठा भाग हाती आला तो कॅलिफोर्नियात. पीटर जॉन्सन तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी होते. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 35 तळी पालथी घातली. जादा पायांचे बेडूक मिळाले फक्त चार तळ्यांत, आणि त्या चारही तळ्यांत चपट्या शंखाची एक पाणगोगलगाय होती. तिच्या अंगात रिबेरोइया नावाचा पर्णकृमी वाढतो. त्याची सूक्ष्म पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडतात, पोहत जाऊन बेडूकमाशाला गाठतात आणि नेमकी मागचे पाय फुटायच्या जागी कातडीत शिरून कोष करून बसतात. पायाचा कोंब तेव्हा जेमतेम दिसू लागलेला असतो. तिथल्या पेशींची मांडणी विस्कटते आणि एका पायाच्या जागी दोन-दोन, तीन-तीन पाय उगवतात. असा बेडूक नीट उडी मारू शकत नाही, बगळ्याला आयता सापडतो. कृमीला तेच हवं असतं, कारण तो प्रौढ होतो पक्ष्याच्या पोटात. त्याची अंडी विष्ठेतून पुन्हा तळ्यात.

हा कृमींचा संशय स्टॅनली सेशन्स यांनी 1990 सालीच मांडला होता. जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत बेडूकमाशांवर 16, 32, 48 असे मोजून कृमी सोडले. कृमी वाढले तशी व्यंगं वाढली, मृत्यूही वाढले. 1999 मध्ये हे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. अधू बेडूक दिसला की दोष कृमीचाच, असं मात्र नाही. चतुराची पाण्यातली पिल्लंही बेडूकमाशांचे पाय कुरतडतात. कीटकनाशकंही निर्दोष सुटलेली नाहीत, त्यांनी बेडकाची प्रतिकारशक्ती खचते आणि कृमीचं फावतं.

पण कृमी तर जुनाच, मग आत्ताच एवढा का माजला? जॉन्सन यांच्या पुढच्या कामाचं मोल मला इथे सर्वाधिक वाटतं. शेतातलं खत आणि गुरांचं शेण तळ्यात उतरतं, शेवाळ माजतं, ते खाऊन गोगलगायी वाढतात आणि एकेक गोगलगाय जास्त कृमी सोडते. हे त्यांनी 2007 मध्ये दाखवलं. मग कॅलिफोर्नियातल्या 345 पाणथळ जागा तपासल्या. 2013 मध्ये निष्कर्ष आला: जिथे उभयचरांच्या जाती जास्त, तिथे कृमीचा प्रसार तब्बल 78 टक्क्यांनी कमी. कारण असं की, उजाड तळ्यातही तग धरणाऱ्या जातींमध्येच हा कृमी सर्वांत जोमाने फोफावतो. उशिरा येणाऱ्या, नाजूक, दुर्मीळ जाती त्याला फारसा थारा देत नाहीत. तळं बिघडलं की आधी याच जाती जातात आणि मागे रोगाला पोसणाऱ्या उरतात. जैवविविधता हा शब्द भाषणांत गुळगुळीत झाला आहे, इथे तो मोजून सिद्ध झाला.

आपल्याकडेही बेडूक निर्धास्त नाहीत. जगभर उभयचरांचा काळ ठरलेली कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर आढळल्याची नोंद नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्येच केली आहे. तरी गावतळ्याचं सुशोभीकरण म्हणजे काठ सिमेंटने बांधणं आणि लव्हाळं उपटणं, ही समजूत अजून हलत नाही. त्या लव्हाळ्यात कोण राहतं, हे आधी कुणीतरी मोजायला हवं.

मिनेसोटात ते मोजलं शाळेच्या मुलांनी. आपल्या शिक्षकांना एवढीच विनंती: या पावसाळ्यात एक सहल जवळच्या तळ्यावर न्या, आणि एखाद्या पोराने बेडूक दाखवायला आणला तर ‘टाक तो’ म्हणू नका. त्याचे पाय मोजा.