सहीचा अधिकार पदवीने मिळत नाही

अभियंत्याला वेगळा परवाना कशाला, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हमखास विचारला जातो. पोरगा शेगावला किंवा चिखलीला, मलकापूरला चार वर्षे शिकला, आठ सेमिस्टर काढले, अमरावती विद्यापीठाने पदवी दिली. आता पुन्हा परीक्षा, पुन्हा अनुभवाचे दाखले, पुन्हा मंडळापुढे अर्ज असा छळ का, असे आईबाप म्हणतात आणि बरेच अभियंतेही म्हणतात. त्यामागची काळजी मला समजते. तरीही हे म्हणणे चूक आहे आणि त्याची किंमत घर बांधणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

पदवीच्या अभ्यासक्रमात घाटावर आणि घाटाखाली असा भेद नसतो. जमिनीत मात्र तो आहे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, नांदुरा, जळगाव जामोद या भागांतून खारपाणपट्टा जातो. वर काळी भारी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. खाली खारे पाणी. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक 456 सांगते. बिनसळईच्या काँक्रीटला हीच मर्यादा 2000 आहे. हा आकडा परीक्षेत सगळेच लिहितात. पण बोअरचे पाणी टाकीत पडते आहे, मिस्त्री त्याच पाण्याने माल कालवतो आहे, त्याच पाण्याने कॉलमला पाणी मारतो आहे, अशा वेळी त्याला थांबवून पाणी तपासायला पाठवणे हे पुस्तकाचे काम नाही. न थांबवल्यास काय होते ते या पट्ट्यात जागोजागी दिसते. आधी कॉलमच्या पायथ्याशी पांढरा थर येतो. काही वर्षांनी कोपऱ्यावर उभी बारीक भेग जाते. आतली सळई गंजून फुगते आणि वरचे कव्हर ढलप्यांनी सुटते. घरमालक गिलावा करून ते झाकतो आणि दोष सिमेंटला देतो.

ज्याने असे चार पाये जाणत्याच्या हाताखाली उभे राहून पाहिलेले नाहीत, त्याने पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुमजली घराच्या आराखड्यावर सही करावी का? डॉक्टरकीत आपण हे चालवून घेत नाही. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेल्याला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते, मग वैद्यक परिषदेत कायमची नोंदणी होते. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते आणि 2010 पासून तिच्या जोडीला अखिल भारतीय परीक्षाही आली. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. एवढेच कशाला, घरात वायरिंग करणाऱ्या तारतंत्रीला परवाना लागतो, बॉयलर सांभाळणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, खाणीच्या व्यवस्थापकाला सक्षमतेची परीक्षा द्यावी लागते. ज्याच्या आकडेमोडीवर अख्खे कुटुंब डोक्यावर स्लॅब घेऊन झोपते, त्या स्थापत्य अभियंत्यासाठी मात्र देशपातळीवर असा कायदा नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 ची संस्था चार्टर्ड अभियंता, व्यावसायिक अभियंता अशा मान्यता देते आणि त्यांचे मोल आहेच. पण ती मान्यता नसल्यामुळे कुणाचे काम अडत नाही. नगर परिषदेचा परवाना असतो, परंतु तो मुख्यतः कागदपत्रे पाहून मिळतो. माणसाला काय येते हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि जबाबदारी तर वाढतेच आहे. 2021 पासून ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नगररचना विभागाकडे जावे लागत नाही. परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडून नकाशा ग्रामपंचायतीत द्यायचा. गावकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे उत्तम झाले. पण सरकारने स्वतःची तपासणी कमी करून सगळा भार ज्या सहीवर टाकला, ती सही करणाऱ्याची पारख कुणी केली?

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक टेबल, आणखी एक चिरीमिरी. कोचिंग क्लासवाल्यांचे फावेल आणि संग्रामपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मागे राहील. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय परवानाच नको हा नव्हे. परीक्षा मराठीतूनही द्यायची सोय हवी, मानकांची पुस्तके परीक्षेत हाताशी हवीत, म्हणजे पाठांतर बाद होईल. पदवीनंतरच्या उमेदवारीला विद्यावेतन हवे. उमेदवारी कायद्यात त्याची सोय आजही आहे. जिगाव सिंचन प्रकल्पावरचे, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातले, अनुभवी खाजगी अभियंत्याकडचे काम त्यात धरले जावे. आणि परवानाधारकांची यादी, त्यांच्यावर झालेल्या कारवाईसह, कुणालाही पाहता यावी.

अमेरिकेत पहिला परवाना कायदा 1907 मध्ये वायोमिंग राज्याने केला, तो पाण्याच्या हक्कांचे नकाशे कुणीही काढून सही करू लागले म्हणून. टेक्ससमध्ये 1937 साली न्यू लंडन गावच्या शाळेत वायूचा स्फोट होऊन शेकडो मुले आणि शिक्षक गेले, त्याच वर्षी तिथे कायदा आला. आपल्याकडे भूजच्या भूकंपानंतर गुजरातने 2006 मध्ये स्थापत्य अभियंत्यांसाठी कायदा केला. किल्लारीचा भूकंप महाराष्ट्रात झाला, 1993 मध्ये. मुंब्र्याची इमारत 2013 मध्ये आणि महाडची 2020 मध्ये पडली. आपण चौकशी समित्या नेमल्या.

अमेरिकेतली पद्धत नीट पाहावी. तिथे परीक्षा पास झाली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही. साधारण चार वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव, परवानाधारक अभियंत्यांच्या शिफारशी आणि राज्य मंडळाची मंजुरी मिळाल्यावर क्रमांक मिळतो आणि शिक्का वापरता येतो. तो शिक्का फक्त स्वतःच्या देखरेखीखाली झालेल्या कामावरच मारायचा. दुसऱ्याने केलेल्या नकाशावर न पाहता सही केली तर परवाना जाऊ शकतो.

आपल्या तालुक्याच्या गावांतले चित्र आठवा. नकाशा ड्राफ्ट्समनने काढलेला, लोखंड मिस्त्रीने ठरवलेले आणि अभियंत्याकडे फक्त सहीपुरते यायचे. त्याने पायाची खोली वाढवा म्हटले की घरमालक म्हणतो, ‘सायेब, शेजाऱ्यानं एवढ्यातच बांधलं, त्याचं घर पडलं का? तुम्हाले सही द्याची नसन तं दुसरा देते.’ आणि दुसरा खरोखरच देतो. सही न देणाऱ्याचे काम जाते, देणाऱ्याचे काहीच जात नाही. पंचविशीतल्या मुलाने अशा वेळी कशाच्या बळावर ठाम राहायचे? सही केली तर परवाना जाईल हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि ज्या दुसऱ्याकडे मालक जाणार आहे त्यालाही तेच सांगावे लागले पाहिजे. परवान्याचे ओझे तरुणांवर पडेल म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की आज तोच सर्वांत उघडा पडलेला आहे. नकार द्यायचे बळ त्याला पदवी देत नाही.

म्हणून राज्याने कायदा करावा. आज काम करणाऱ्यांना परवाना घेण्यासाठी पुरेशी मुदत द्यावी. त्यांच्यातले अनेक जण उत्तम आहेत आणि अनुभवाच्या जोरावर सहज उत्तीर्ण होतील. परीक्षेचे केंद्र मुंबईत न ठेवता बुलढाण्याला किंवा शेगावला असावे. प्रश्नपत्रिकेत काळ्या मातीतला पाया आणि खाऱ्या पाण्यातले काँक्रीट यांवर प्रश्न असावेत. आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत प्रत्येक नव्या घरासमोर मालकाच्या नावाशेजारी त्या अभियंत्याचे नाव आणि परवाना क्रमांक लिहिला जावा.