हरवला आहे तो फॉन्ट नव्हे

बेगडेवाडीहून लोकलने येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीला मावळातल्या बोलीवरचा जुना प्रबंध हवा होता. फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. ‘फॉन्ट नाही, टाकून घ्या,’ एवढे सांगून विभाग मोकळा झाला.

हा सल्ला अपुरा आहे, आणि सोयीचाही. कृतीदेवमध्ये टंकलेला ‘भारत’ संगणकाच्या लेखी ‘एच-के-के-जे-आर’ असतो. फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, इतकेच. मुखवटा आणून बसवला की वाचता येईल. पण ‘भारत’ शोधून सापडणार नाही, शब्दसूची अकारविल्हे लागणार नाही. (बोलीच्या अभ्यासकाला आणखी काय हवे असते?) मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय. परिवर्तके आहेत, जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात, आणि ते काम मराठीच्या प्राध्यापकांचे नव्हे तर कोणाचे?

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. विंडोज २०००सोबत ‘मंगल’ आला. तो कुरूप आहे, हा आक्षेप मलाही मान्य. पण युनिकोडमधल्या मजकुराचा फॉन्ट केव्हाही बदलता येतो. आमच्याकडे प्रबंध स्वीकारताना समास पट्टीने मोजतात, मजकूर कोणत्या संकेतनात आहे हे कोणी विचारत नाही.

विद्यार्थिनीने अखेर ग्रंथालयातली छापील प्रत काढली आणि परिशिष्टातले बोलीशब्द एकेक करून पुन्हा टंकले.