जुन्या मोटारीचा टप : कापड कोणतें घ्यावें ?

जीर्णोद्धार आणि नवनिर्मिति हीं दोन कार्यें भिन्न आहेत. देवालयाचा जीर्णोद्धार करतांना कळस आपल्या आवडीचा बसवावयाचा नसतो. वडिलोपार्जित मोटारीसही हाच न्याय लागू आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस मोटारींची जुळणी सुरू केली. त्या काळच्या गाड्या कांहीं घराण्यांनीं अद्यापि जतन केल्या आहेत. त्यांची दुरुस्ती निघाली म्हणजे सर्वांचें लक्ष यंत्राकडे जातें आणि टपाचें कापड शेवटीं उरेल त्या पैशांत आणलें जातें. हा क्रम घातक आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असतो. टप गळूं लागला कीं पाणी त्यांत मुरतें, लांकूड कुजतें आणि दरवाजे जागीं बसेनासे होतात. मग कापडांत वांचविलेले रुपये सुताराच्या पदरीं अनेक पटींनीं घालावे लागतात.

प्रथम मूळचा टप कसा होता तें पाहावें. बंद गाड्यांच्या छपराचा मधला भागही त्या काळीं कापडाचाच असे. अखंड पोलादी छप्पर जनरल मोटर्सनें १९३५ च्या गाड्यांना दिलें. तेथें लांकडी पट्ट्या, वर कापसाची गादी व त्यावर रेक्झिनसारखें कापड अशी मांडणी असते. ती तशीच राखावी. वर पत्रा ठोकण्याचा मोह टाळावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते; परंतु सांगाडा, बॉडी अथवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

मिटणाऱ्या टपास दुपदरी कापड लागतें. दोन पदरांमध्यें रबर घालण्याची युक्ति मॅकिंटॉशच्या १८२३ च्या पेटंटाची. सुती दुपदरी कापड मुळास धरून असतें, पण ओलाव्यानें त्यास बुरशी येते. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचें कापड; मात्र आज त्या नांवाखालीं बहुधा अक्रिलिक मिळतें, म्हणून दुकानदारास स्पष्ट विचारावें. व्हिनाइल स्वस्त खरें, परंतु उन्हानें कडक होऊन घडीवर चिरतें, आणि त्या काळच्या गाडीवर परकें दिसतें.

आमचें मत असें कीं, कोरड्या हवेंत व बंद गराजांत राहणाऱ्या गाडीस सुती कापड घ्यावें. मुंबई-कोंकणाकडे मात्र रबरी अस्तराचें अक्रिलिक पत्करावें. त्याच्या धाग्यांत कातण्यापूर्वींच रंग मिसळलेला असल्यानें तें ऊन सोसतें. पोत व रंग तेवढा मूळच्यासारखा निवडावा.

खरेदीपूर्वीं स्थालीपुलाकन्यायानें वीतभर तुकडा आणून वाटीवर खोलगट बसवावा, त्यांत पाणी भरून रात्रभर ठेवावें; खालीं ओल आल्यास तें कापड घेऊं नये. शिवणीस सुती वेष्टनाचा पॉलिएस्टर दोरा वापरावा, कारण सूत भिजून फुगतें व सुईचें छिद्र बुजतें. डाग पेट्रोलनें पुसूं नयेत. त्यानें आंतील रबर नासतें. आणि ओला टप कधींही मिटून ठेवूं नये. उत्तम कापडही त्या एका आळसापुढें टिकत नाहीं.