पाहुणा खेळाडू आणि घरची शिस्त

क्रिकेटचा एक हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंतचे चार-सहा महिने हा विश्रांतीचा काळ, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पुढील हंगामाच्या जयापजयाचा पाया याच काळात घातला जातो. मैदाने पावसात भिजत असतात, खेळपट्ट्या झाकलेल्या असतात. परंतु कोणता खेळाडू ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन कोणत्या प्रांताकडे जाणार, याच्या वाटाघाटी त्याच वेळी चालू असतात. मग एके दिवशी बातमी येते की अमुक कसोटीपटू येत्या हंगामात विदर्भाकडून खेळणार. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी ही बातमी वाचली जाते, तेव्हा तिच्यावर दोन मते पडतात. एकाला आनंद होतो की आता आपला संघ बळकट झाला. दुसरा विचारतो की बाहेरचे आणून जिंकावयाचे, तर आपल्या पोरांनी काय करावयाचे? हा दुसरा प्रश्न हेव्यापोटी आलेला नाही. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर विदर्भाच्या गेल्या दहा वर्षांच्या अनुभवात शोधले पाहिजे.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात प्रथम उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. तेव्हापासून २०१७-१८ पर्यंत त्याला एकदाही अंतिम सामना गाठता आला नाही. साठ वर्षांत गुणी खेळाडू झाले नाहीत असे नाही. प्रशांत वैद्य भारताकडून एकदिवसीय सामने खेळला. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटीपटू झाला. परंतु गुणी व्यक्ती असणे वेगळे आणि संघाला जिंकण्याची सवय असणे वेगळे. मुंबईचा मुलगा पहिल्यांदा रणजी सामन्यासाठी पॅड बांधतो, तेव्हा आपला संघ जिंकणार हे त्याने गृहीतच धरलेले असते. विदर्भाच्या मुलाने मैदानात उतरताना सामना अनिर्णित राखण्याचे स्वप्न पाहावे, अशी स्थिती दीर्घ काळ होती. पराभवाचीही परंपरा तयार होते आणि ती विजयाच्या परंपरेइतकीच चिवट असते.

ही परंपरा मोडण्यासाठी विदर्भ क्रिकेट संघटनेने जे मार्ग अवलंबिले, त्यांतील एक बाहेरून खेळाडू आणण्याचा होता. २०१४ मध्ये तामिळनाडूचा बद्रिनाथ आणि कर्नाटकाचा गणेश सतीश आले. पुढच्या वर्षी मुंबईचा वासिम जाफर आला. २०१७ मध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वी, चंद्रकांत पंडित यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपविण्यात आले. त्याआधीच्या दोन हंगामांत पंडित यांनी मुंबईला एकदा विजेतेपद आणि एकदा उपविजेतेपद मिळवून दिले होते. त्याच हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने बलाढ्य कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरविले आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून प्रथमच रणजी करंडक जिंकला.

हा विजय पाहुण्यांनी मिळवून दिला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या हंगामाची आकडेवारी तसे सांगत नाही. सर्वाधिक ९१२ धावा केल्या त्या कर्णधार फैज फजलने. ३९ बळी घेतले ते स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या नागपूरच्या रजनीश गुरबानीने. उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या डावातील सात बळी त्याचे आणि अंतिम सामन्यातील हॅटट्रिकही त्याचीच. अंतिम सामन्यात १३३ धावांची खेळी केली ती यष्टिरक्षक अक्षय वाडकरने. म्हणजे धावा घरच्यांनी केल्या आणि बळीही घरच्यांनीच घेतले. मग चाळिशीला टेकलेल्या जाफरने आणले ते काय? मुंबईकडून आठ वेळा रणजीचा अंतिम सामना खेळून आठही वेळा तो जिंकला होता. अंतिम सामना हा भिण्याचा प्रसंग नसून इतर सामन्यांसारखाच पाच दिवस चिकाटीने खेळण्याचा एक सामना आहे, हे त्याला ठाऊक होते. ज्या संघात ही गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती, तेथे ती ठाऊक असलेला एक मनुष्य पोशाखगृहात बसला. विजयाचा संस्कार भाषणाने होत नाही. तो असा शेजारी बसून होतो.

या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. २०१६-१७ च्या हंगामात दुखापतीमुळे जाफरला खेळता आले नाही. तरीही संघटनेने ठरलेले मानधन त्याला दिले. त्याची जाणीव ठेवून पुढच्या हंगामात आपण मानधनाविना खेळलो, असे जाफरने स्वतः सांगितले आहे. एका पक्षाने शब्द पाळला, दुसऱ्याने उपकार फेडला. करारपत्रात असे कलम कोणी लिहीत नाही. परंतु संघातील एकोणीस-वीस वर्षांची मुले हे सारे पाहत असतात, आणि पैशासाठी आलेला खेळाडू व आपला म्हणून राहिलेला खेळाडू यांतील फरक त्यांना कोणी समजावून द्यावा लागत नाही. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, जाफरने हंगामात १,०३७ धावा केल्या आणि विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. त्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन सामनावीर ठरला तो घरचाच आदित्य सरवटे.

पाहुण्याचा उपयोग होण्यास घर मात्र नीट लागते. विदर्भ संघटनेने कोवळ्या मुलांसाठी निवासी अकादमी उभारली होती आणि सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारखा अनुभवी माणूस वेगवान गोलंदाजांच्या शिक्षणासाठी आणला होता. त्यामुळे वरिष्ठ संघ प्रथम रणजी जिंकत होता, त्याच २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनी कूचबिहार करंडकही जिंकला. मशागत केलेल्या रानातच चांगले बियाणे उगवते, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पडीक रानात महागाचे बियाणे टाकून आभाळाकडे पाहत बसणाऱ्याला जे मिळते, तेच नुसत्या नामवंत खेळाडूंवर पैसा ओतणाऱ्या संघाला मिळते.

राजस्थानचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. २०१०-११ मध्ये खालच्या गटातून आलेल्या राजस्थानने पुण्याचा हृषीकेश कानिटकर, दिल्लीचा आकाश चोप्रा आणि ओडिशाचा रश्मी परिडा या तिघा अनुभवी पाहुण्यांच्या साहाय्याने रणजी करंडक जिंकला आणि कानिटकरच्याच नेतृत्वाखाली पुढच्या वर्षीही तो राखला. पराक्रम लहान नव्हता. परंतु पुढील दशकात राजस्थानला ते यश पुन्हा लाभले नाही. याउलट गोव्याच्या फुटबॉलमध्ये धेंपो संघाने नायजेरियाचा रांटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो यांना आणले. पण त्यांच्या सभोवती क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा हे गोमंतकीय खेळाडू आणि आर्मांदो कुलासो हे गोमंतकीयच प्रशिक्षक वर्षानुवर्षे टिकवून ठेवले. परिणामी २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. खेळ कोणताही असो, पाहुणा आल्याने यश मिळू शकते. ते टिकते मात्र घरच्यांच्या बळावर.

विदर्भाची खरी परीक्षाही पाहुणा गेल्यानंतरच व्हावयाची होती. पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या प्रांताला त्यांनी पहिला रणजी करंडक मिळवून दिला. जाफर २०२० मध्ये निवृत्त झाला. विदर्भाचा दिवा विझला असे वाटावे, असे काही हंगाम गेले. परंतु २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. मुंबईने ५३८ धावांचे अशक्यप्राय आव्हान दिले असताना विदर्भाने पाचव्या दिवसापर्यंत झुंज देऊन ३६८ धावा केल्या. पराभव झाला, पण शरणागती झाली नाही. आणि पुढच्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

त्या सामन्याचा पहिला दिवस या संपूर्ण विषयाचे सार सांगणारा होता. विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत परतले होते. तेव्हा एका टोकाला होता कर्नाटकाने संघाबाहेर ठेवल्यावर २०२३ मध्ये विदर्भाकडे आलेला, कसोटीत त्रिशतक झळकाविलेला करुण नायर. दुसऱ्या टोकाला पहिलाच रणजी हंगाम खेळणारा, एकवीस वर्षांचा नागपूरकर दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली. नायर ८६ धावांवर धावबाद झाला. मालेवारने १५३ धावा केल्या आणि सामनावीराचा मान मिळविला. पाहुण्याने टोक धरून ठेवावे आणि घरच्या मुलाने मोठे व्हावे, याहून चांगली संघबांधणी कोणती? त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीतील एका हंगामाचा विक्रम केला, तर यश राठोडने ९६० धावा केल्या. पुढे नायर कर्नाटकाकडे परतला. आणि त्या अंतिम सामन्यात केरळकडून पाहुणा म्हणून कोण खेळत होता? सहा वर्षांपूर्वी विदर्भाला करंडक राखून देणारा आदित्य सरवटे. जो प्रांत शिकण्यासाठी पाहुणे आणीत होता, त्याचा खेळाडू आता इतरांना शिकविण्यासाठी पाहुणा म्हणून जाऊ लागला, ही प्रगतीची निःसंदिग्ध खूण होय.

अर्थात, आक्षेप संपूर्ण निकालात निघत नाही. अकरांच्या संघात एक पाहुणा येतो, तेव्हा एक घरचा मुलगा बाहेर बसतो. त्याच्या आयुष्यातील दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. तीन पाहुण्यांची जी मर्यादा आहे, ती याच कारणासाठी आहे. म्हणून खेळाडू आणताना धावांच्या सरासरीबरोबर त्याची वागणूक पाहिली पाहिजे. तो सरावाला सर्वांच्या आधी येतो काय, नवख्याशी बोलतो काय, आपली जागा दुसऱ्यासाठी तयार करून जातो काय, हे विचारले पाहिजे. ज्याच्या जाण्याने संघ पुन्हा पूर्वीच्या जागी येतो, तो पाहुणा महाग पडला. ज्याच्या जाण्यानंतरही त्याची शिस्त मागे उरते, तो कोणत्याही किमतीत स्वस्तच पडला.

आता मुद्दा आहे तो रिसोडचा. रिसोडपासून जामठ्याचे मैदान तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पण खरे अंतर किलोमीटरांत मोजावयाचे नाही. अकोल्याचा आदित्य ठाकरे २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातच प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये उतरला. अकोल्याच्याच अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक काढले आणि २०२५ च्या इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ धावा करून विदर्भाला विजय मिळवून दिला. १९९८ पर्यंत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे विजयाचा हा संस्कार नागपुराहून अकोल्यापर्यंत येऊन पोचला आहे. तेथून पुढे, तालुक्याच्या गावी, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात रबरी चेंडूने खेळणाऱ्या मुलापर्यंत तो अजून यावयाचा आहे. त्या मुलाला जाफर दूरचित्रवाणीवर दिसला. शेजारी बसलेला मिळाला नाही.

तेव्हा दोन हंगामांच्या मधल्या काळात आणखी एक भरती व्हावी. जी संघटना एका कसोटीपटूच्या मानधनाचा भार उचलते, तिला दरवर्षी मोजक्या तालुक्यांत एकेक जाणता प्रशिक्षक पूर्ण हंगामासाठी पाठविणे अशक्य नाही. असा प्रशिक्षक दोन दिवसांचे शिबिर उरकून, हार-तुरे स्वीकारून परतणारा नसावा. मुक्काम करणारा, सकाळी सहाला मैदानावर उभा राहणारा आणि गावातील एखाद्या क्रीडाशिक्षकाला आपल्या तोडीचा करून मगच निघणारा तो असावा. त्यासाठी शाळांनी मैदान द्यावे, पालकांनी मुलाला सकाळचे दोन तास द्यावेत आणि गुणपत्रिकेखेरीजही मुलाच्या आयुष्यात काही मोजण्याजोगे असते हे शिक्षकांनी मान्य करावे. संघटनेकडे मागणी करणाऱ्याने आपल्या अंगणाची झाडलोट आधी केलेली असली पाहिजे.

विदर्भाने साठ वर्षे पराभव सोसला आणि त्यानंतरच्या साडेसात वर्षांत तीन वेळा रणजी करंडक जिंकला. या अवधीत विदर्भाच्या मुलांच्या मनगटांत एकाएकी नवे बळ आले नाही. बदलली ती त्यांची स्वतःविषयीची अपेक्षा. ती अपेक्षा बाहेरून आलेल्या चार माणसांनी जागी केली आणि घरच्या चाळीस मुलांनी खरी करून दाखविली. आता ती रिसोडच्या मैदानावर जागी करण्याची पाळी आहे. पुढचा पाहुणा नागपुरात उतरेल तेव्हा त्याचे स्वागत अवश्य व्हावे. परंतु त्यानंतरचा एखादा रिसोडच्या बसस्थानकावर उतरला, तरच विदर्भाचा विजय साऱ्या विदर्भाचा झाला असे म्हणता येईल.