चुकीच्या छेदाने रोगाला नवी वाट
खास प्रतिनिधी, मुंबई

वृषणाचा कर्करोग हा हमखास बरा होऊ शकणाऱ्या कर्करोगांपैकी एक. मात्र पहिलाच छेद चुकीच्या जागी पडला, तर तो सहसा जेथे जात नाही तेथे, म्हणजे जांघेतील ग्रंथींत, डोके वर काढू शकतो.

याचे कारण शरीररचनेत आहे. गर्भावस्थेत वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होऊन खाली उतरतात. त्यांच्या लसिकावाहिन्या मात्र पोटाकडेच जातात. त्यामुळे हा रोग प्रथम पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथींत पसरतो. अंडकोशाच्या त्वचेच्या लसिकावाहिन्या जांघेकडे जातात. अंडकोशावर चिरा दिला वा सुई टोचली, की हे दोन वेगळे मार्ग एकमेकांना जोडले जाण्याचा धोका असतो. लहानपणी न उतरलेला वृषण खाली आणण्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रियाही रोगाची वाट बदलू शकते.

म्हणूनच कर्करोगाचा संशय असल्यास जांघेतून छेद घेऊन वृषण काढणे हाच शास्त्रसंमत मार्ग मानला जातो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, अंडकोशातून हस्तक्षेप झालेल्यांमध्ये त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण २.९ टक्के, तर इतरांत ०.४ टक्के आढळले. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा अशा रुग्णाने धीर सोडण्याचे कारण नाही. मात्र वाढीव शस्त्रक्रिया आणि दीर्घ देखरेख त्याच्या वाट्याला येऊ शकते.

भारतात या रोगाचे प्रमाण दरवर्षी लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी आहे. साहजिकच सूज दिसली की हायड्रोसिल वा जंतुसंसर्ग हे निदान आधी सुचते. त्यात संकोचाने तरुण गप्प राहतो. वास्तविक सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्तचाचण्या शस्त्रक्रियेपूर्वीच झाल्यास बरीचशी गफलत टळते.

माझगावकरांना कर्करोगावरील उपचार एकेकाळी घराजवळच मिळत. इमारत धोकादायक ठरल्याने २०२२ मध्ये प्रिन्स अली खान रुग्णालयाच्या सेवा थांबल्या. तरी भायखळ्याचे जे. जे. आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय दूर नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा रोग १९९६ मध्ये फुफ्फुसे व मेंदूपर्यंत पोहोचूनही तो बरा झाला. सिस्प्लॅटिन या औषधाने १९७० च्या दशकापासून हे शक्य केले आहे. इतके प्रभावी उपचार हाती असताना, तपासणीआधीच चालवलेल्या सुरीने रुग्णाची वाट बिकट व्हावी, हे टाळण्याजोगे आहे. गाठ दुखत नसली तरी ती दाखवणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी ‘छेद कोठून घेणार?’ असे विचारणे, एवढे तरी रुग्णाच्या हाती आहे.