न्यायाधीश तेच, नियम वेगळा

चेटकिणींच्या खटल्यांचा विषय निघाला की आपण तत्काळ अंधश्रद्धेवर बोलू लागतो. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली जे घडले, ते वाचताना माझ्यासमोर मात्र दरवेळी एक कारकुनी प्रश्न उभा राहतो: ही फाइल मंजूर झालीच कशी? तेथील प्युरिटन समाजाचा चेटकावर विश्वास होताच. पण तो आधीही होता आणि नंतरही.

वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती. नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स १६९२ च्या मे महिन्यात बोस्टनला पोहोचले, तेव्हा तुरुंग आरोपींनी भरले होते. त्यांनी एक खास न्यायालय नेमले, उपगव्हर्नर विल्यम स्टॉटन यांना मुख्य न्यायाधीश केले आणि स्वतः सरहद्दीच्या बंदोबस्तात गुंतले. तुंबलेली प्रकरणे, घाईने नेमलेले मंडळ, वरिष्ठ दौऱ्यावर. शासकीय सेवेतील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

या न्यायालयाने एक विलक्षण पुरावा ग्राह्य धरला. आरोपीची छाया आपल्याला चिमटे घेते, गळा आवळते, असे पीडित मुली सांगत. ती छाया इतर कोणाला दिसत नसे. आरोपी त्या वेळी घरी होती, हा बचावही व्यर्थ. कारण देह घरी असला तरी छाया हिंडू शकते! रिबेका नर्स या सत्तरी ओलांडलेल्या धर्मशील वृद्धेला ज्यूरीने प्रथम निर्दोष ठरवले. स्टॉटन यांनी फेरविचार सुचवला, ज्यूरीने निर्णय फिरवला आणि तिला फाशी झाली. उलट, गुन्हा कबूल करून त्यावर कायम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. १९ जण फासावर गेले, ते शेवटपर्यंत 'नाही' म्हणणारे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको की, असत्याला बक्षीस ठेवले की त्याचा पुरवठा वाढतो.

निनावी तक्रारीवर कार्यवाही करू नये, हा आपल्याकडील दंडक नोकरीच्या आरंभी मला गुन्हेगारांना सोयीचा वाटे. आता वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये फिप्स यांनी ते न्यायालय मोडीत काढले. जानेवारी १६९३ मध्ये नवे न्यायालय बसले. मुख्य न्यायाधीश पुन्हा स्टॉटनच, बहुतेक सहकारीही जुनेच. बदलले ते इतकेच की, छायेच्या साक्षीवर शिक्षा द्यायची नाही. तेवढ्याने जानेवारीत दोषी ठरल्या अवघ्या तिघी, आणि त्यांचीही शिक्षा फिप्स यांनी रोखली. स्टॉटन संतापून न्यायासनावरून उठून गेले. लिडिया डस्टिन तर निर्दोष सुटूनही तुरुंगातच मरण पावली. कोठडीचे शुल्क भरण्यास तिच्याकडे पैसे नव्हते.

न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहून आपला दोष मान्य केला. स्टॉटन यांनी कधीच केला नाही. १७११ मध्ये अनेकांच्या शिक्षा रद्द होऊन भरपाई मिळाली. त्या तिघींपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव त्या यादीत नव्हते. ते निर्दोष ठरले २०२२ मध्ये, राज्याच्या अर्थसंकल्पाला जोडलेल्या एका तरतुदीने.