पायाळू बाळ आणि विसरलेले कसब

पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते, असे खेडोपाडी आजही मानतात. प्रसूतिगृहात मात्र पायाळू बाळ म्हणजे बहुधा थेट सिझेरियन. दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळे अशी असतात. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, २६ देशांतल्या चाचणीने नैसर्गिक प्रसूतीपेक्षा नियोजित सिझेरियन बाळासाठी अधिक सुरक्षित ठरवले. त्याच बाळांच्या दोन वर्षांनंतरच्या पाहणीत लक्षणीय फरक उरला नव्हता. पण तोवर सुईणींचे सोडाच, डॉक्टरांचेही हात पायाळू बाळ शस्त्रक्रियेविना सोडवण्याचे कसब विसरू लागले होते. शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. परंतु ३६-३७व्या आठवड्यानंतर, रुग्णालयात, पोटावरून बाळ फिरवण्याचा प्रयत्न साधारण निम्म्या वेळा साधतो, हे किती गर्भवतींना सांगितले जाते? आणि ऐन कळांमध्ये बाळाचे पायच आधी दिसले, तर तालुक्याच्या रुग्णालयात मध्यरात्री तिला सोडवणार कोण?